कॉस्मे मास्तरांनी खळं सुधारलं

घरच्या खानावळीतल्या आपल्या बायकोच्या, इनासियाच्या, जेवणाबद्दल फोनवर कोणी काही लिहिलं, की ते आधी कॉस्मे मास्तर मनातल्या मनात वाचत, मग मोठ्याने वाचून दाखवत, आणि घरात कोणी उरलं नसलं तर कुत्र्यालाही ऐकवत. जानेवारीतल्या एका सोमवारी मात्र त्यांनी ते मनातल्या मनात तीनदा वाचलं आणि फोन उशीखाली ठेवला.

पुण्याच्या कुटुंबाने लिहिलं होतं, "जेवण अप्रतिम. सुरमई आणि तिसऱ्यांचं सुकं विसरणं शक्य नाही. बसण्याची व्यवस्था मात्र त्रासदायक. ऊन थेट ताटात येतं. आम्ही तीनदा टेबल हलवलं, तिन्ही वेळा ऊन मागोमाग आलं." पाचापैकी तीन तारे.

उशीखालचा फोन इनासियाला सापडायला काही वेळ लागला नाही. तिने वाचलं, हसली, "जेवाण आवडला मां तेंका," म्हणाली आणि बांगडे साफ करायला निघून गेली. तिचं हसणं रास्तच होतं, कारण या धंद्यातली कामाची वाटणी स्पष्ट होती. ताटात जे काही असेल ते इनासियाचं खातं. ताटाच्या बाहेर जे काही असेल, म्हणजे टेबलं, खुर्च्या, झाडं, कावळे आणि हवामान, ते मास्तरांचं. अकरा वर्षांत कौतुक सगळं ताटातल्या खात्याला आलं होतं, आणि तक्रार आली ती थेट ताटाबाहेरच्या.

त्यातून मास्तर होते भूगोलाचे. मालवणच्या अलीकडे, खाडीच्या काठावरच्या त्या गावात चौतीस वर्षं त्यांनी हातात नारळ आणि बॅटरी घेऊन पृथ्वीचं फिरणं शिकवलं होतं. अर्ध्या तालुक्याला सूर्य कुठून कुठे जातो हे माहीत होतं ते त्यांच्यामुळे. आणि आता त्यांच्याच खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, सूर्य त्यांच्या विरोधात गेला होता, तोही लेखी.

मंगळवारी खानावळ बंद असे. त्या दिवशी सकाळी नऊ वाजता मास्तर चुन्याची बादली घेऊन खळ्यात बसले. एक आंबा, दोन माड आणि एक निरफणस एवढी झाडं. दर अर्ध्या तासाला उठायचं, प्रत्येक झाडाची सावली जिथे संपते तिथे चुन्याची रेघ मारायची आणि शेजारी वेळ लिहायची, ११.३०, १२.००, १२.३०. दुपारी चारपर्यंत खळ्याचं रूप असं झालं, की विमानातून पाहणाऱ्याला उतरावंसं वाटलं असतं. मास्तर समाधानाने दमले. दुसऱ्या दिवशी हे सगळं कागदावर उतरवायचं आणि कुठल्या पाहुण्याला किती वाजता कुठे बसवायचं याचं वेळापत्रक करायचं, असं ठरवून ते चहाला आत गेले.

तेवढ्यात शेजारच्या भाईंनी मधल्या दगडी गडग्यावरून पाहिलं.

भाई एसटीत वाहतूक नियंत्रक होते. माणूस निवृत्त झाला तरी त्याच्यातला नियंत्रक निवृत्त होत नाही. चुन्याच्या रेषा आणि त्यांच्या शेजारी बारा, साडेबारा असे आकडे पाहिल्यावर त्यांच्या मनात एकच गोष्ट येऊ शकत होती, आणि तीच आली. रस्ता रुंद होणार. साडेबारा मीटर.

भाईंनी ही बातमी कुणालाही सांगितली नाही. फक्त नाक्यावरच्या तिघांना सांगितली, आणि तीही कोणाला सांगू नका म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतल्या दोन घरांनी कुंपणाला लागून काजूची रोपं लावली होती, कारण भरपाई देताना झाडं मोजतात. एकाने कोंबड्यांच्या खुराड्याला घरनंबर रंगवला होता. आणि भाई स्वतः आपला सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून मास्तरांच्या पडवीत येऊन बसले.

"मास्तरांनू, खंयच्या बाजून येता? तुमच्या काय माझ्या?"

मास्तरांना वाटलं, सावलीबद्दल विचारतायत. त्यांनी मोठ्या प्रेमाने समजावलं, की दुपारनंतर ती आपल्या बाजूला असते, पण सकाळी नऊच्या सुमारास भाईंचा गडगा ओलांडून आत जाते. हे थांबवता येत नाही का, असं भाईंनी दबक्या आवाजात विचारलं. मास्तर म्हणाले, आजवर कोणाला थांबवता आलेलं नाही. भाई पिशवी छातीशी धरून घरी गेले आणि त्यांनी थेट तलाठ्यांना फोन केला.

तलाठ्यांना आता सरकारने ग्राम महसूल अधिकारी असं लांब नाव दिलं आहे, पण गाव त्यांना तलाठीच म्हणतं आणि ते ओ देतात. ते स्कूटरवरून आले, हेल्मेट न काढता खळ्याभोवती एक फेरी मारली आणि खिशातून वही काढली. कचेरीतला माणूस समोर आला की मास्तरही शाळेतल्या मराठीत शिरत.

"ही आखणी आपण कोणाच्या आदेशाने केलीत?" तलाठ्यांनी विचारलं.

"सूर्याच्या," मास्तर म्हणाले. "तो जसा सरकला तसतशी केली."

तलाठ्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि डोकं वर केलं. "सूर्या नावाचा सर्व्हेअर आमच्याकडे नाही. आडनाव सांगा."

यानंतरचा पाऊण तास भूगोलाच्या एका तासासारखा गेला. नारळ आणला गेला, बॅटरीही आणली गेली. शेवटी तलाठ्यांना पृथ्वीचं फिरणं मान्य झालं, पण त्याची नोंद करायला रकाना नव्हता. म्हणून मास्तरांकडून तीन प्रतींत लिहून घेण्यात आलं, की सदर रेषा सावलीच्या असून शासनाच्या नाहीत. आणि गावात गैरसमज नको म्हणून त्या ताबडतोब पुसाव्यात. कागदावर उतरवायला मास्तरांनी अर्धा तास मागितला. तलाठी म्हणाले, तेवढ्यात आणखी दोन घरं झाडं लावतील. शेवटची रेघ धुऊन जाईपर्यंत ते तिथे उभे राहिले आणि जाताना बांगड्याचं ताट कितीला पडतं ते विचारून गेले.

अशा रीतीने शास्त्र पाण्याबरोबर वाहून गेलं आणि मास्तर सल्ल्यांच्या हाती सापडले.

सल्ल्याची आपल्याकडे टंचाई नाही. भाईंनी वरून पत्रा घाला म्हणून सांगितलं. पाद्रींनी मंडप सुचवला. मासळीवाल्या सत्यवतीने टोपली उतरवता उतरवता विचारलं, की माणसं जेवायला येतात, तर एवढी दोन तास बसतात कशाला. पण मास्तरांच्या मनात भरला तो रोनीचा सल्ला. रोनी त्यांचा पुतण्या. गोव्यात समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलात बागेवर देखरेख करायचा आणि काळा चष्मा डोळ्यांवर कमी, केसांवर जास्त लावायचा. त्याने कमरेवर हात ठेवून खळ्याला एक चक्कर मारली आणि मान हलवली, डॉक्टर एक्स-रे बघून हलवतात तशी.

"अंकल, लोक आता नुसते जेवूक येत नाय. फोटो काडूक येतत."

त्याने दोन गोष्टी सांगितल्या. तांबड्या मातीवर हिरवळ घालायची, म्हणजे डोळ्यांना गारवा. आणि पश्चिमेच्या कडेला उंच बांबूचं कुंपण, म्हणजे दुपारचं तिरपं ऊन अडेल, पाहुण्यांना एकांत मिळेल आणि भाईंचं वाळत घातलेलं दिसणार नाही. तिसरी गोष्ट कमळांचं तळं होतं, पण डास कुठून आणणार, असं इनासियाने आतून विचारल्यावर तळं मागे पडलं. हिरवळ आणि कुंपण ठरलं. इनासिया म्हणाली, तुझं खातं, तू बघ.

हिरवळ गोव्याहून टेंपोत, चटईसारख्या गुंडाळ्या करून निघाली. सीमेवरच्या नाक्यावर टेंपो अडवला गेला. त्या रस्त्याने गुंडाळलेलं जे काही येतं त्याच्या आत बहुधा बाटली असते, हा नाक्यावरचा जुना अनुभव. आत गवत आहे असं रोनी म्हणाला. साहेब म्हणाले, बाहेरही गवतच दिसतंय, म्हणूनच संशय येतोय. मग सगळ्या गुंडाळ्या खाली उतरवून रस्त्याच्या कडेला एकेक उलगडण्यात आल्या. तासाभरात नाक्याशेजारी इतकी सुंदर हिरवळ पसरली, की बेळगावकडची एक गाडी आपण होऊन थांबली, आतली सात माणसं उतरली आणि डबे सोडून जेवायला बसली. मास्तरांच्या हिरवळीवर पहिली पंगत उठली ती अशी, मास्तरांच्या घरापासून कितीतरी लांब. आणि रोनी शपथेवर सांगतो, की त्या माणसांची कसलीही तक्रार नव्हती.

हिरवळ घरी आली, अंथरली गेली आणि खळं खरोखर देखणं दिसू लागलं. मास्तर सकाळी पाणी घालायचे, दुपारी पाणी घालायचे, संध्याकाळी काठावर उभे राहून बघत बसायचे. भाईंच्या कोंबड्या गडग्यावर ओळीने बसून त्याही बघायच्या, आणि मास्तर आत गेले की जवळून बघायच्या.

पहिल्या रविवारी रत्नागिरीहून एक वकील आले. भारदस्त माणूस होता. खुर्चीत बसले, ताट आलं, जेवण सुरू झालं. पाण्याने जमीन मऊ झाली होती. प्लास्टिकच्या खुर्चीचे चारही पाय हळूहळू, आवाज न करता, आत जाऊ लागले. वड्यांच्या वेळी टेबल वकिलांच्या छातीशी होतं. भाताच्या वेळी खांद्याशी आलं. सोलकढी आली तेव्हा त्यांची हनुवटी टेबलाच्या कडेला टेकली होती. कोर्टात वावरलेला माणूस, त्यांनी तोल सोडला नाही. त्यांनी फक्त मास्तरांना जवळ बोलावून विचारलं, की कोकणात टेबलं इतकी उंच का करतात. त्यांना वर काढायला मास्तर, भाई आणि त्यांचा ड्रायव्हर असे तिघे लागले.

भाईंनी लगेच उपाय सांगितला. प्रत्येक पायाखाली एक फरशी. बत्तीस खुर्च्यांना एकशे अठ्ठावीस फरश्या लागल्या. आता खुर्ची बुडत नव्हती, पण बसण्यापूर्वी चारही पाय एकदम चार फरश्यांवर आणणं ही एक वेगळीच विद्या निघाली. तीन पाय जमले की चौथा घसरायचा. माणसं बसायच्या आधी खुर्चीभोवती वाकून फिरायची आणि बसल्यावर श्वाससुद्धा जपून घ्यायची. मीठ मागायला कोणी वळेना. मास्तर म्हणाले, बघा, लोक किती शांतपणे जेवतात.

एप्रिलच्या सुरुवातीला बांबूचं कुंपण उभं राहिलं. आठ फूट उंच, नवं कोरं. ऊन अडलं, भाईंचं वाळत घातलेलंही अडलं. त्याच आठवड्यात कोल्हापूरहून निवृत्त बँक कर्मचारी महिलांच्या मंडळाने तीस जणींचं जेवण सांगितलं. त्यांच्या प्रमुख सारिकाताई फोनवर म्हणाल्या, जेवण आवडलं तर आमचं मंडळ दरवर्षी तुमच्याकडे येईल. इनासिया पहाटेपासून चुलीपाशी होती. "चुलीवरचे जेवण" अशी पाटी मास्तरांनीच रंगवून फाटकाला लावली होती, त्यामुळे गॅस असूनही पाहुण्यांच्या दिवशी चूलच पेटवावी लागे.

मंडळ आलं, फरश्यांवर तोल सावरत बसलं, ताटं वाढली गेली. आणि मास्तरांच्या लक्षात आलं, की कुठलंही पान हलत नाही. रोज अकराच्या पुढे खाडीवरून जो वारा यायचा, तो बांबूच्या पलीकडे येऊन थांबला होता. तिथे भाईंची लुंगी दोरीवर मजेत फडफडत होती, तिचा आवाज अलीकडे ऐकू येत होता. इकडे मात्र तीस जणी घामाने निथळत होत्या. शिवाय आजवर तो वारा चुलीचा धूर उचलून मागच्या परसाकडे घालवत असे. आता धुराला कोणी उचलणारं नव्हतं. तो सावकाश खळ्यात आला, एकेका टेबलाची विचारपूस केली आणि तिथेच बसला.

तीस बायकांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

धूर पातळ होता, चटकन दिसेल असा नव्हता. प्रत्येकीला वाटलं, आमटीच तिखट आहे. आणि कोल्हापूरच्या बाईने मालवणच्या आमटीला तिखट म्हणायचं, हे त्या मंडळाच्या अब्रूला परवडणारं नव्हतं. म्हणून एकही तक्रार आली नाही. उलट सारिकाताईंनी डोळे पुसत पुसत आणखी वाटीभर आमटी मागितली आणि म्हणाल्या, की आमच्याकडे हे लहान मुलांना देतात. शेजारच्या बाईंना हुंदका आवरेना, तरी त्या मानेने दुजोरा देत होत्या. मास्तर टेबलांमधून फिरत होते आणि तीस रडणाऱ्या बायकांना जेवण कसं आहे म्हणून विचारत होते. सगळ्या रडत रडत उत्तम म्हणत होत्या.

आणि मग स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून इनासिया बाहेर आली.

तिचे डोळे लाल झाले होते आणि खोकला थांबत नव्हता. हातात पळी तशीच होती. तिने इकडेतिकडे पाहिलं, एक रिकामी खुर्ची दिसली, ती फरश्यांचा काही विचार न करता ओढली आणि त्यात बसली. मागचे दोन पाय जरा खचले. ती तशीच मागे रेलून राहिली. सारिकाताईंनी आपला पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

इनासिया पाणी प्यायली आणि नवऱ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अकरा वर्सां झाली. ह्या खळ्यात मी आज पयल्यांदा बसतंय."

चुलीवर मासे करपत असतील असं काहीतरी पुटपुटून मास्तर त्या कोपऱ्यात शिरले. घराची भिंत आणि भाईंचा गडगा यांच्यामध्ये जेमतेम दोन माणसांची जागा होती. वर पत्रा. पत्र्यावर एप्रिलचं ऊन. खाली चूल, समोर तवा, आणि ज्या बाजूला तोंड करून उभं राहावं लागे त्याच बाजूला धूर. मास्तर तिथे उभे राहिले. त्यांनी दोन तुकड्या उलटल्या. तिसरी उलटताना त्यांना समोरचं दिसेनासं झालं. ते बाहेर आले तेव्हा पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

पाहुण्यांच्या ताटात ऊन येतं म्हणून त्यांनी दर अर्ध्या तासाची सावली मोजली होती. वकिलांच्या हनुवटीसाठी एकशे अठ्ठावीस फरश्या आणल्या होत्या. भूगोलाच्या मास्तरांनी सगळ्या खळ्याची आखणी केली होती, आणि तिच्यात चूल कुठेच नव्हती. त्यांना पुण्याच्या कुटुंबाने दिलेले तीन तारे आता जरा जास्तच वाटले.

ते पडवीत गेले, कोयता घेतला आणि कुंपणाच्या दोऱ्या कापू लागले. पाहुण्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचा भाग. मग सारिकाताई उठल्या, पदर खोचला आणि एक बांबू धरला. त्यांच्यामागून दहाबारा जणी उठल्या. बँकेत हयात घालवलेल्या बायका, त्यांनी बांबूंचे वीस-वीसचे गठ्ठे करून बाजूला रचले. पलीकडून भाईंनीही हात लावला, पण आधी दोरीवरची लुंगी काढून घेतली. शेवटची ओळ खाली आली तसा खाडीवरचा वारा एकदम आत घुसला. कागदी रुमाल उडाले, एक पापड माडापर्यंत गेला, धूर उठून मागे निघून गेला. आणि तेव्हा कुठे सारिकाताईंनी आमटी नीट चाखली, डोळे पुसले आणि जरा निराश होऊन म्हणाल्या, की ही तर मिळमिळीत आहे.

पुढचा आठवडा खानावळ बंद होती. मास्तरांनी आंब्याखालची पश्चिमेची जागा निवडली. वारा आधी तिथे येतो, सावली शेवटपर्यंत तिथे राहते आणि झाडांमधून खाडीचं पाणी दिसतं. तिथे त्यांनी कमरेइतक्या उंचीचा चिऱ्यांचा ओटा बांधला, त्यावर चूल बसवली, अशी की वारा पाठीवर यावा आणि धूर समोर जावा. शेजारी पाठीची एक बरी खुर्ची ठेवली. रोनीला फोनवर कळलं तेव्हा तो कळवळला. सगळ्या खळ्यातली ती सर्वांत चांगली जागा, फोटोची जागा, थंय चूल कोण घालता, असं त्याने विचारलं. मास्तर म्हणाले, जिला रांधायचं असतं ती.

टेबलं उरलेल्या जागेत गेली. हिरवळ मे महिन्यात पिवळी पडली आणि तिची विल्हेवाट भाईंच्या वासराने लावली. दीडनंतर दोन टेबलांवर ऊन येतं, हे मास्तरांनी पाटीवर स्पष्ट लिहून टाकलं, आणि खाली "कृपया सरकावे" असं. माणसं सरकू लागली. ताट हातात घेऊन एकेक जण खुर्ची ओढत आंब्याकडे येई आणि चुलीभोवती बसे. कोणी मसाला कुठला विचारी, कोणी आपल्या आजीचं सांगे. इनासिया कुरकुरायची, की आता सगळ्यांचे डोळे माझ्या टोपात असतात. पण सांगत सगळं असायची, प्रमाणासकट.

नव्या ओट्याच्या पहिल्या रविवारी एक वाजता मास्तरांनी पाहुण्यांआधी एक ताट वाढलं. भात, आमटी, सुरमईची मधली तुकडी, कांदा. ते त्यांनी ओट्याशेजारच्या खुर्चीपाशी नेलं. पाहुणे थांबतील, असं म्हणाले. इनासियाने त्यांच्याकडे पाहिलं, पदराला हात पुसले आणि बसली. तिने पहिला घास घेतला. मास्तर तिच्यासमोर उभे राहिले, शिक्षणखात्याचे साहेब वहीत शेरा लिहीत असताना उभे राहायचे तसे, हात मागे बांधून.

"जागा बरी आसा?" त्यांनी विचारलं.

इनासियाने घास संपवला. तिने मान जरा डावीकडे कलंडून खाडीकडे पाहिलं, मग उजवीकडे कलंडून पाहिलं.

"जागा बरी आसा," ती म्हणाली. "तू जरा बाजूक हो. वारो अडवतंस."

मास्तर बाजूला झाले.